शेवटचा ठिपका

— नाई जी, कुलूप माह्यासाठी नाई. असं कसं म्हणता, इस्तारीभाऊ? चोरासाठी हाये ते. चंद्रपूर हाये हे, आपलं गाव नाई का दार लोटलं अन् गेलो धानात. प्रफुल अन् सूनबाई दोघंबी ड्युटीवर जातेत, चाबी संग नेतेत. मी त आतमधीच असते — मले चाबी कायले लागते? बसा म्हणू तरी कसं, बाहीर पायरीच हाये. पाणी देते, थांबा. गिलास नाई निंगत दाराच्या जाळीतून. ओंजळ धरा, वतते.

काऊन आले ते समजलं मले. उद्या तलावात पह्यलं जाळं. घरचा एक हात दोराले लागलाच पाह्यजे, नाई त वाटा तुटला — तो नेम का मी इसरली? हे गेल्यापासून मीच त धरते दोर. प्रफुल थोडीच चिखलात उतरते! पण येऊ कशी? मासा बिमार हाये.

हासू नका. ढिवराच्या बाईले मासा अडवून ठेवते, मलेबी समजते ते. तो पाहा काचेच्या पेटीत — नारंगी, पांढऱ्या पट्ट्याचा. समुद्राचा हाये, खाऱ्या पाण्यातला. त्याच्या अंगावर ठिपके आले, मीठ सांडल्यावाणी, प्रफुल म्हणे. मी म्हटलं, हे का मोठं — गुंडीतल्या पाण्यात ठेवलेल्या मरळीले जखम झाली का आपण काय करतो? हळद. टाकली मूठभर. पेटीभर पाणी पिवळं अन् मासा तळाले आडवा! मंग पोरगा बोलला. बोलनच ना. 'तुह्या हातानं झालं, आता तूच बरा कर. शेवटचा ठिपका गेला का मी सोता गावी नेऊन देतो.' हात-बीत नाई उचलला हो, बोलला फक्त.

तवापासून इथीच हाये. पोळा गेला, दिवाळी गेली. रोज त्याले वाटीत धरते, जरासा गोड्या पाण्यात ठेवते, परत खाऱ्यात सोडते — तेच औषध हाये त्याचं. आपल्या मासोळीले मीठ लागते, याले गोडं पाणी लागते, उलटीच दुनिया! लाइन गेली का फुगे सोडणारी मशीन बंद पडते, मंग मी हातानं पाणी हालवत बसते. त्याले टाकून कुठी जाऊ? लय घुसमटते जी कधीकधी. खिडकी उघडली त समोर दुसऱ्याची खिडकी. पण संध्याकाळी प्रफुल येते, बॅटरी मारून पाह्यते, म्हणते — दोन हायेत अजून. दोनच त राह्यले ना आता?

काय म्हणता? एकबी नाई?

जाळीले नाक लावून पाहा नीट. कल्ल्याखाली पाहा. शेपटीपाशी? मी का सांगू, मले सुईत दोरा ओवता येत नाई, ठिपके कुठून दिसतीन — तो सांगते तेवढंच मले माहीत. साफ हाये म्हणता? पुरा साफ?

...

नाई. तुमचंबी वय झालं, भाऊ. इतक्या दुरून का दिसते? प्रफुलची नजर तरणी हाये. पोटचा पोरगा हाये तो माह्या, मले खोटं कायले सांगन? दोन हायेत म्हणते त दोन हायेत. तुम्ही जा, बस चुकन. गावात विचारलं त सांगा, कमळा मजेत हाये, मासा तेवढा बरा व्हाचा हाये.

जा म्हणते ना.