तुला माझी आण

इतरांचे बोलणे कान देऊन ऐकू नये, हा नियम चंद्रभागाबाईंनी घरात सर्वांना घालून दिला होता. परंतु नाशिकच्या त्या दवाखान्यात, समोर चाकांच्या खुर्चीत बसलेली वेदिका आणि तिची आई हळू बोलतच नव्हत्या. खुर्चीपाशी तांबू नावाचा कुत्रा पसरला होता.

"देवळालीला नोकरी लागली, ठीक. पण खोली घेऊन एकटी राहणार?"

"एकटी कुठे? तांबू आहे ना."

"तो स्वयंपाक करणार वाटतं?"

"स्वयंपाक मला येतो. तो पडलेलं उचलून देतो, दोरी ओढून दार उघडतो. मी घसरले तर भुंकून शेजार गोळा करतो."

"आणि मी सटाण्यात बसून काय करू?"

"झोप. माझ्यापायी कधी नीट झोपलीस?"

"लाडीगोडी नको. तुला माझी आण आहे, वेदे. खोली घ्यायची नाही."

तांबू उठला. दाराबाहेर काढलेल्या चपलांतून त्याने आईची एक चप्पल आणली आणि वेदिकेच्या मांडीवर ठेवली.

"हे काय गं?"

"'आण' म्हटलं की तो वस्तू आणतो. तू 'माझी आण' म्हणालीस, त्यानं तुझी आणली."

"मी शपथ घालत होते."

"त्याला कुठे शपथ कळते?"

आतून चंद्रभागाबाईंचे नाव पुकारले गेले. त्या उठल्या नाहीत.

"तांबू, आता दुसरीही आण रे बाबा. एका चपलेनं मी हिची खोली बघायला कशी जाऊ?"