दोन देशांमधला बांध

चहा पाजून परत तेच वदवून घेता व्हय? ऐका. लेक परदेशात असती, तिच्याकडं गेलतो. तिच्यासंगं, दोन नातवंडं घेऊन, रातच्या रेल्वेनं तिथल्या शेजारच्या देशात निघालो. पोरांना शब्द दिला, "झोपू नका, दोन देशांमधला बांध दावतो." तिघांनी रातभर खिडकीला नाक लावलं. दगड न्हाय, तार न्हाय. उजाडल्यावर लेक म्हणाली, "आबा, हद्द कवाच मागं गेली."

"बांधच न्हाय? मग ही माणसं भांडत्यात कशावरनं?"

नात म्हणाली, "मग तुम्ही गावाकडं कशावरनं भांडता?"

दोन देशांना बांधाबिगर जमलं, पण निरवांगीच्या रानात दर नांगरटीला माझा बांध कोरून अजून "चुकलं" न म्हणणारा एकच हाय, माझा सख्खा चुलतभाऊ सोपान.