काहिलीखालचा माणूस

मंडळी, ऐका! देवाच्या दारात बसलोय, तर आधी एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं दिलंत तर शेजारचा ऐकेल! एका माणसाला कामावरून काढून टाकलं. मानाच्या कामावरून, चारचौघांसमोर. आता सांगा, त्याला पुन्हा काम कोण देतं?

नवा मालक देतो? बरं. नशीब देतं? असेल. तो मागं खांबाला टेकलेला म्हणतोय, "महाराज, ओळख लागते, ओळख!" खरं बोललास बाबा. ओळख लागतेच. पण कुणाची? त्याचंच आजचं आख्यान आहे. जरा सरकून बसा, लेकुरवाळ्यांना पुढं घ्या.

कोल्हापूरकडच्या एका गावात हिंदुराव भोपळे नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे कोण? गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो ना, तो कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो! दोन मिनिटं आधी उतरवला तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशिरा उतरवला तर करपतो. मधली जी वेळ आहे ती पुस्तकात लिहिलेली नाही, ती गुळव्याच्या डोळ्यांत असते. आणि हिंदुरावाचा डोळा म्हणजे काय सांगू! नुसता फेस बघून सांगायचा, "उचला!" — की गडी बांबू घालून काहील उचलायचे.

पण मंडळी, काहिलीच्या खाली आणखी एक माणूस असतो. तो कुणाला दिसत नाही. चुलवाणाच्या खड्ड्यात बसून उसाची चिपाडं जाळात सारतो — तो चुलवाण्या. त्याला वरचा रस दिसत नाही, फेस दिसत नाही. वरून गुळव्या ओरडतो, "जाळ वाढीव!" की हा वाढवतो. "जाळ वढ!" की हा जळण मागं ओढतो. हाक हेच त्याचे डोळे! हिंदुरावाच्या काहिलीखाली बारा वर्षं सिदबा चौगले बसत होता. धुरानं डोळे लाल, भुवया अर्ध्या जळलेल्या, बोलणं मोजकं.

एके दिवशी गुऱ्हाळावर पाहुणे आले. गरम गूळ खायला पाहुणे कुठूनही येतात, कीर्तनाला बोलवा, मग बघा! — हसू नका पखवाजी तात्या, तुम्हीही त्यातलेच. तर पाहुण्यांनी हिंदुरावाची तारीफ केली. हिंदुराव खुलला. "अवो, मी डोळं झाकून सांगतो!" म्हणाला. गोष्टीत गोष्ट निघाली, पाठ काहिलीकडं झाली — आणि वास आला. करपला! अख्खं आदण, काहीलभर रस, काळं झालं!

मालक बळीअण्णा धावत आले. "हिंदुराव, काय झालं?"

मंडळी, इथं थांबा. ह्या क्षणाला माणसाच्या जिभेवर दोन वाक्यं असतात. एक लहान असतं — "माझं चुकलं." दुसरं लांबलचक असतं. आपण नेहमी लांबलचकच का निवडतो?

हिंदुराव म्हणाला, "अण्णा, मी दोनदा वरडलो, जाळ वढ म्हणून. ह्या सिदबानं ऐकलंच न्हाई. झोप लागली असंल त्याला."

सिदबा खड्ड्यातून वर आला. सगळं अंग राखेनं माखलेलं. म्हणाला, "मला हाक आली न्हाई." बस्स. एवढंच.

बळीअण्णांनी काळ्या रसाकडं बघितलं. मग म्हणाले, "हिंदुराव, मी घाण्यापाशी हुतो. मला बी आली न्हाई." आणि पुढं जे बोलले ते ध्यानात ठेवा. "गूळ करपला, करपू दे. उद्या दुसरं आदण चढंल. पण उद्या काय बिघडलं की तू कुणाचं नाव घेशील, ह्याची मला धास्ती वाटती. तू उद्यापासनं येऊ नगंस."

काढलं! बघा मंडळी, गूळ करपला म्हणून नाही काढलं!

सिदबाही त्याच आठवड्यात अण्णांची रजा घेऊन दुसरीकडं गेला. कुठं गेला, हिंदुरावानं विचारलंही नाही. कशाला विचारेल? त्याच्या मते आपण काहील चढवतो, चुलवाणे काय छप्पन्न मिळतील!

पण हंगाम सुरू झालेला, सगळ्या गुऱ्हाळांवर गुळवे ठरलेले. हिंदुराव दारोदार फिरला. घरी आला की बायको शेवंता पाण्याचा तांब्या पुढं करायची, काही विचारायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "गावात म्हणत्यात, वॉचमनची जागा हाय शहरात. जावा." हिंदुराव हाताकडं बघत बसला. ज्या हाताला गुळाची गोळी बोटांत धरून पाक झाला का ते कळायचं, त्या हातात काठी? त्याला वाटलं, गेलो तर संपलोच. एक हंगाम काहील सुटली की डोळ्याची सवय मोडते, मग पुन्हा कुणी काहिलीजवळ उभं करत नाही.

म्हणून तो रोज देवळात जायचा. "देवा, पांडुरंगा, चुकलो रे! काम दे!" अगदी डोळ्यांत पाणी आणून. आता तुम्ही म्हणाल, केली की कबुली! अहो, देवाजवळ कबुली देणं सोपं असतं. देव कुठं उलट बोलतो? ज्याच्याशी चुकलो तो बोलतो ना उलट! म्हणून आपण देवाकडं जातो!

असा महिना गेला. मग कुणीतरी सांगितलं, नदीपलीकडं आक्का मगदूम ह्यांचा गुळव्या आजारी पडून लेकाकडं गेलाय. ही आक्का म्हणजे गुऱ्हाळाची मालकीण. नवरा गेल्यावर स्वतः सगळं उभं केलेलं. गुळव्या गेला तशी स्वतःच काहिलीपाशी उभी राहत होती, पण गुडघ्यांनी दावा मांडलेला.

हिंदुराव गेला. आपलं सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, बेतानं! आक्कानं ऐकलं आणि म्हणाली, "तुझं नाव मला ठावं हाय. डोळा चांगला हाय तुझा. पर माझ्यात गुळव्या मी ठरवत न्हाई. त्याच्या काहिलीखाली ज्याला बसायचंय, त्यो ठरवतो." आणि चुलवाणाकडं तोंड करून हाक दिली, "आरं, वर ये जरा!"

खड्ड्यातून एक डोकं वर आलं. राखेनं माखलेलं. अर्ध्या भुवया.

सिदबा!

मंडळी, आता हिंदुरावानं करावं काय? पळावं तर मागं शहरातली काठी. थांबावं तर पुढं हा.

आक्का म्हणाली, "सिदबा, ह्या माणसाच्या काहिलीखाली बसशील का?"

सिदबानं हात पुसले. खोटं बोलला नाही, रागानंही बोलला नाही. "आक्का, गूळ लई ब्येस करतो. खोटं बी लई ब्येस बोलतो." गडी हसले. हिंदुराव मान खाली घालून उभा. "एक करा," सिदबा म्हणाला. "आठ दिवस ह्याला खाली बसवा, माझ्या जागंवर. डोळा तुमचा चालंल, हाक मी मारतो. मग सांगतो."

गुळव्या खड्ड्यात! गावातला एक जण तर मुद्दाम बघायला आला, "काय हिंदुराव, उतरला का खाली?" हिंदुरावानं धोतर खोचलं. खाली बसला. आणि बसल्यावर त्याला कळलं — इथून काही दिसत नाही हो! वर रस आहे की पाणी, समजत नाही. धूर तोंडावर, जाळ छातीवर, आणि कान वर लागलेले. हाक आली तर जगायचं, नाही आली तर तसंच बसायचं. बारा वर्षं एक माणूस आपल्या आवाजाच्या भरवशावर इथं बसला होता!

तिसऱ्या दिवशी काय झालं, ऐका. आदण रंगात आलेलं. आक्कानं खूण केली, पण सिदबा त्या वेळी एका गड्याशी बोलत होता. हाक उशिरा गेली. गूळ करपला नाही, पण काळपट आला. आक्का चिडली, "खाली काय करतोय त्यो? जाळ का वढला न्हाई?"

हिंदुरावानं खालून ऐकलं. डोळे मिटले. मनाशी म्हणाला, झालं! आता माझं नाव घेणार. घेऊ दे, मी तरी काय केलं होतं?

आणि वरून सिदबाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा — "आक्का, हाक माझी उशिरा गेली. त्यो बसलाय तिथनं दिसत न्हाई. त्याचा दोष न्हाई."

मंडळी... महिनाभर देवळात जे झालं नाही ते तिथं झालं. हिंदुराव खड्ड्यातून वर चढला. काळं तोंड, त्यावरून पाण्याच्या दोन रेघा. सगळ्या गड्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सिदबा, अण्णांच्या गुऱ्हाळावर मी हाक मारलीच नव्हती. एकदा बी न्हाई. पाहुण्यांत बोलत हुतो. तुझं नाव मी खोटं घेतलं."

सिदबा म्हणाला, "ते मला ठावं हाय. जा खाली, जाळ इझंल."

हसलात? मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. मग लक्षात आलं, क्षमा अशीच असते. ती भाषण करत नाही, माणसाला कामाला लावते.

आठवा दिवस उजाडला. हिंदुराव सांगितल्याप्रमाणे चुलवाणात बसलेला, चिपाडं सारत होता. सिदबा काहिलीजवळ गेलाच नाही, सरळ खड्ड्यात उतरला. हिंदुरावाच्या हातातलं जळण काढून घेतलं आणि म्हणाला,

"सरक. ही जागा माझी हाय. तू वर जा, आन हाक येळेवर मार."

झालं. हिंदुरावाला काम मिळालं.

आता सांगा मंडळी, कुणी दिलं? आक्कानं? नाही. आपण काम मागायला वर बघतो, मालकाकडं, शिखराकडं, आभाळाकडं. आणि पांडुरंग कुठं बसतो? काहिलीच्या खाली! राखेत! तिथनं वर येतो आणि सांगतो, ह्याला ठेवा की ह्याला ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही काय गुऱ्हाळ चालवत नाही. नाही चालवत? कचेरीत कुणाच्या नावावर चूक लिहिलीत? दुकानातल्या पोराला गिऱ्हाइकासमोर कशाबद्दल बोललात, आणि मग घरी येऊन कळलं की तुमचंच चुकलं होतं? आणि माऊली, स्वयंपाकघरात भाजी खारट झाली तेव्हा सुनेचं नाव कुणी घेतलं? माना खाली घालू नका. मीही ह्यातच आहे. एकदा आवाज बसला होता माझा, आणि मी दोष पेटीवाल्याला दिला. तो बघा बसलाय, हसतोय!

तो जो कुणी मनात आलाय ना आत्ता, ज्याचं तोंड डोळ्यांसमोर उभं राहिलंय, त्याच्याकडं उद्या जा. काय बोलायचं ते मी सांगायला नको. वाक्य लहानच आहे. देवाला नंतर सांगा, तो थांबतो. आधी त्याला सांगा.

आता टाळ उचला. नाव घेऊ त्याचं.