वसतिगृहाच्या फॉर्मवरची सही

बायकोचं वर्षश्राद्ध उरकून मी बारामतीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर फेटा बांधलेले एक आबा आणि त्यांची मुलगी बसली होती. मुलगी शिकायला पुण्याला निघाली होती आणि वसतिगृहाच्या फॉर्मवर तिला आबांची सही हवी होती.

“खेळाडूंच्या मनाचा अभ्यास? मनानं कुस्ती मारत्यात व्हय?”

“मनानंच हरत्यात, आबा.”

“आन पुढं नोकरी कुठं? तालमीत? पैलवान मांडी थोपटणार आन तू इचारणार, बाळा, भ्या वाटतंय का?”

“मोठ्या संघांबरोबर असत्यात अशी माणसं. कॉलेजात शिकवता बी येतं.”

“तुझा भाऊ सिद्धू तालमीत समद्यांना लोळवतो आन जत्रंत दरसाल पडतो. देवरुषी झाला, अंगारा झाला. तितं तुझं पुस्तक काय करंल?”

“तो का पडतो, ते मला आत्ताच ठाऊक हाय.”

“मग सांग की, शाणे!”

“आधी सही.”

“ही घे. केली. बोल आता.”

“तुमी तालमीत कधी जात न्हाय. जत्रंत मातुर आखाड्याच्या कडंला हुबं राहून त्याला शिव्या घालता.”

“तो फॉर्म हिकडं दे बघू.”

“पुण्याची गाडी लागली, आबा. येते मी.”