सव्वाचार किलोचा नातू

—हात जरा वर करा ताई, टेप अडकतेय... नाही, सैलच ठेवते हा गाऊन, सातव्यात पोट कुठे थांबतंय? माझ्या लेकीला असेच दोन शिवले होते, दोन्ही आठव्यात उसवावे लागले — म्हणजे माझं शिवणं चुकलं नव्हतं हं, चाळीस वर्षं झाली या मशीनवर — पोटच तसं होतं तिचं. शेजारणी म्हणायच्या, जुळं दिसतंय. मी म्हणायची, एकच आहे, पण खाऊनपिऊन आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साखर वाढलीये, गोड बंद. लेक गुणाची. बोटाला टोचून साखर बघायची, जेवण झालं की चालायला जायची. मलाच बघवेना. म्हटलं, डॉक्टरीणबाईंना काय जातंय बोलायला, त्यांच्यासमोर थोडीच कुणी उदास तोंडानं जेवायला बसतं? म्हणून बिस्किटांचा डबा या खणात, रिळांच्या मागे. मी म्हणायची, अर्धंच खा गं. मग उरलेलं अर्धं. अशा अर्ध्या-अर्ध्याचे किती होतात, ते मला कापडाचं कळतं, बिस्किटांचं नाही... वळा जरा.

तर झाला. सव्वाचार किलो. गाल असे की डोळे शोधावे लागले. मी भेटेल त्याला सांगत सुटले, लिफ्टवाल्यालासुद्धा. जावयांना म्हटलं, बघा, माहेरचं खाणं अंगी लागतं ते असं. सात झबली शिवून ठेवली होती, एक डोक्यातून जाईल तर शपथ. आणि दोन तासांत त्याचे हात थरथरायला लागले. दूध ओढेना. मला वाटलं, थंडी वाजतेय. नर्सनं टाचेतून थेंबभर रक्त काढलं, तर साखर पार तळाला. मी म्हटलं, अहो, जास्त होती ना, मग कमी कशी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, जास्तीची साखर आईची, ती नाळेतून जायची, आणि ती जिरवायला बाळ पोटातच जादा इन्सुलिन बनवत होतं. नाळ कापली, साखर थांबली, इन्सुलिन लगेच कसं थांबेल? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला — मशीनचं पायडल सोडलं तरी चाक फिरतच राहतं, आणि दोरा तुटतो.

तीन दिवस काचेच्या खोलीत होता. बाकीची बाळं मुठीएवढी, आणि मधोमध हा पैलवान, सलाईन लावून. एक बाई मला विचारते, हा कुणाला भेटायला आलाय? हसले मी. मग जिन्यात जाऊन रडले... तुम्ही हलू नका, खडूची रेघ वाकडी जाते.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं, पथ्य पाळलं होतंत ना? मी दारात, खाली मान घालून. आणि ही म्हणते, "नाही हो, मलाच राहवलं नाही. मीच खायची चोरून." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. आणि मी? मी गप्प. अजून गप्पच आहे — आणि तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे, जावयांनाही माहीत नाही हे. नातू आता ठणठणीत आहे हो, रांगत येतो, चिंध्या ओढतो. लेकही बोलते नीट. फक्त चहा स्वतः करून घेते.

झालं, आता कंबर. तुमची साखर कितीये?... म्हणजे, बघितलीच नाही? सहाव्यातच बघतात ती... सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं? होतं, ताई. बघत कुणी नव्हतं.

नाही, टेप सोडा. सोडा म्हणते ना. दवाखाना एक वाजेपर्यंत उघडा असतो. गाऊनचं बघू मागाहून. चप्पल घाला आणि निघा.