छातीवरचा पेपर

पावाच्या रांगेत माझ्यापुढे नीवेस उभी होती, डोक्यावर हेल्मेट, पाय चिखलानं माखलेले. तिच्यापुढे तिचा शेजारी इवानो.

"इवानो, झाली! टेकड्यांची अख्खी फेरी झाली!"

"आणि चेस्टनटच्या चढावर नेहमीसारखी उतरून सायकल ढकललीस."

"पाय टेकला नाही!"

"जा गं! साठीत?"

"एकसष्ट."

"कोणी बघितलं?"

"माथ्यावरच्या बारवाल्या दुइलिओनं. त्याला खिडकीतून सगळा चढ दिसतो. हा बघ, पेपर दिला!"

"तुला? न उतरता वर येणाऱ्यालाच देतो तो, उताराच्या वाऱ्यात छातीशी खोचायला. मला दहा वर्षांत नाही मिळाला!"

"जळू नकोस. तारीख वाच."

"अगं, हा तर तीन वर्षांपूर्वीचा! रद्दी टेकवली तुला!"

"मी पहिल्यांदा फेरीला निघाले ना, त्या सकाळी त्यानं हा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. पिवळा पडलाय मेला, पण उतारावर काय ऊब दिली म्हणून सांगू!"