सातवा फेटा

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. माणूस आजारी कशानं पडतो? कोणी म्हणेल पाण्यानं, कोणी म्हणेल डासानं. ते खांबाजवळचे आजोबा म्हणताहेत, सुनेच्या स्वयंपाकानं! हळू बोला आजोबा, संध्याकाळी त्याच घरी जायचंय. पण मी तुम्हाला आज फेट्यानं आजारी पडलेला माणूस दाखवतो. फेटा घट्ट बसला म्हणून नव्हे हो — सातवा बसला म्हणून!

गृहस्थाचं नाव हैबतराव शेंडकर. अठरा एकर डाळिंब, दुमजली घर, दारात गाडी. दोन तरणेताठे मुलगे, आणि अनुसया नावाची बायको. देवानं द्यायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पण गावात लग्न निघालं, आणि मांडवात तो भोंगा आला. भोंगा ठाऊक आहे ना? "अमुक अमुक यांनी स्टेजवर येऊन सत्काराचा स्वीकार करावा!" नवरानवरी बिचारी बाजूला घाम पुसत उभी, आणि इकडे फेट्यांची रांग.

हैबतराव पुढच्या खुर्चीवर मिशीला पीळ देत बसलेले. पहिलं नाव आपलंच, यात शंका कसली? भोंगा बोलला — "दूध संस्थेचे चेअरमन लहानू गव्हाणे!" अरे! ज्याचा बाप शेंडकरांच्या दारात पायताण काढून उभा राहायचा, तो लहानू! मग सरपंच, मग मास्तर, मग नवरीचा मामा. दर नावाला हैबतराव खुर्चीतून चार बोटं उठायचे आणि परत बसायचे. सहा वेळा उठले, सहा वेळा बसले. इतका व्यायाम त्यांनी आयुष्यात केला नव्हता. सातवं नाव त्यांचं आलं, तोवर भगवे फेटे संपलेले. डोक्यावर चढला गुलाबी!

घरी आले, फेटा कोपऱ्यात भिरकावला आणि पलंगावर आडवे झाले.

तुम्ही हसताय, पण सोंग नव्हतं ते. छाती खरंच जड झाली, झोप खरंच उडाली, तोंडाला कडू चव आली. डोळे मिटले की लहानूचा भगवा फेटा दिसायचा. ताट समोर आलं की ढकलायचे. "नको. कळली माझी गावातली किंमत."

"अहो, घासभर तरी घ्या," अनुसयाबाई म्हणायची. सांजा केला, थालीपीठ केलं, मऊ भात केला. हैबतराव दोन घास चिवडायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. आता त्या घरची रीत ऐका — मालक जेवल्याशिवाय बाईनं जेवायचं नाही. सासूनं लावलेलं वळण, तीस वर्षं पाळलेलं. मालक दोन घास खातोय तर आपण चार कसे खायचे? मान गेला ह्याचा, आणि पोट जळतंय तिचं. पलंगावरचा माणूस हे बघत होता का? छे! तो लहानूला बघत होता.

नवव्या दिवशी मुलांनी तालुक्याहून डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, कपाळाला आठी घातली.

"काका, रक्तदाब फार वाढलाय. कसली काळजी लागलीय?"

"फेटा," हैबतराव कण्हले.

"बांधला नाही का कोणी?"

"बांधला हो. सातवा बांधला. आणि गुलाबी!"

बाईंनी कागद पुढे ओढला. शिकलेली माणसं लवकर हसत नाहीत. त्यांनी गोळी लिहिली, आणि चहा घेऊन आलेल्या अनुसयाबाईकडे पाहिलं.  कपबशी खाली ठेवायला ती वाकली आणि दाराची चौकट धरून तशीच खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली. आतून लाली नाहीच, पांढरा कागद! तिथल्या तिथे बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. "हिमोग्लोबिन बारा पाहिजे, ते सहा आहे. काका, हे नऊ दिवसांचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. असंच राहिलं तर त्या जातील."

आणि मंडळी, हैबतरावांच्या मनात पहिलं काय आलं असेल? बायको? नाही हो! "शेंडकरांच्या घरात अन्नाला कमी, असं लोक म्हणतील!" बायको जमिनीवर, आणि ह्याची अब्रू अजून स्टेजवर!

तो तसं बोललासुद्धा. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "काका, गावात तुम्ही सातवे म्हणून रक्तदाब चढला. या घरात त्या कितव्या?"

हैबतराव बोटं मोजायला लागले. पहिला देवाचा नैवेद्य. दुसरा गाईचा घास. तिसरे आपण. मग थोरला, मग धाकटा. सहावा आलागेला पाहुणा. सातव्या बोटावर बागेतले गडी. आठव्यावर कुत्र्याचा चतकोर. नवव्या बोटाशी हात थांबला.

बघा. एकाला वाटलं आपण खाली गेलो, तर तो आडवा झाला. दुसरी खरोखरच खाली होती, आणि ती तीस वर्षं उभी राहिली, कारण भाकऱ्या कोण थापणार?

हैबतराव उठले. नऊ दिवसांनी उठले! स्वतः ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. "जेव."

ती म्हणाली, "तुम्ही आधी घ्या."

"अगं, मरशील!"

"तुम्ही घेतल्याशिवाय घास उतरायचा नाही हो."

तीस वर्षांचं वळण, एका ताटानं सुटतंय होय? शेवटी त्यानं तिच्याच ताटातला एक घास घाईघाईनं तोंडात कोंबला, तेव्हा ती जेवली. आणि तो घास चावता चावता हैबतरावाला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला लाज वाटली, आणि ती लहानूमुळे नव्हती.

आता तुम्ही सुटलात असं समजू नका. मघाशी या व्यासपीठावर अकरा सत्कार झाले. बारावे गृहस्थ नाव राहिलं म्हणून रुसून मारुतीच्या पारावर बसलेत. त्यांना बोलवा, रक्तदाब तपासा. आणि मंडपामागं बघा. पहाटेपासून चाळीस बाया चुलीपुढं आहेत. त्यांचं नाव भोंग्यावर आलं? त्या कितव्या पंगतीला बसणार — शेवटच्या ना? आमटी तळाला गेल्यावर?

पहिल्या पंगतीचा मान कीर्तनकाराचा, पण आज मी तिला बसणार नाही. पहिली पंगत त्यांची. चला, पुढच्या खुर्च्यांवरचे उठा, वाढायला लागा! आणि फेटे काढून ठेवा. वाकून वाढताना शेमला आमटीत बुडतो.